पदवीवर उगवलेला फर्न

दुपारचा सव्वा वाजला होता आणि लेकीचं पदवीचं प्रमाणपत्र सापडत नव्हतं.

"इथेच होतं! या टेबलावर! मी सकाळी सगळे कागद ओळीने लावून ठेवले होते!"

"मग त्याला काय पाय फुटले?" आई गादी उलटी करत आतून ओरडली. "तीन वाजता तपासणी आहे आणि बाईसाहेब आता शोधतायत!"

मूळ प्रत दाखवली नाही तर मिळालेली नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती, तीही आजच. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घरात एकच माणूस निवांत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शिवणयंत्रापाशी बसलेले बाबा.

बाबांनी चौतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता आयुष्यात एकही सरळ रेघ मारणार नाही, आणि रजया शिवायला लागले. ही शिवण जरा वेगळी असते. कापड पुढे ओढणारे यंत्राचे दाते खाली पाडून ठेवायचे आणि दोन्ही हातांनी रजईच फिरवायची. सुई जागच्या जागी वर-खाली, चित्र मात्र कापडावर उमटत जातं. बाबा फर्न काढत. एक फांदी सुरू केली की ती संपेपर्यंत सुई उचलायची नाही आणि मानही वर करायची नाही, हा त्यांचा नियम. घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी पान पुरं केलं असतं.

"अहो, जरा उठाल का?"

"दोन मिनिटं. टोक आलंय."

कपाट झालं, रद्दी झाली, फ्रिजच्या वरचंही बघून झालं. मायलेकींनी एकमेकींच्या वेंधळेपणाचा सगळा इतिहास काढला. शेवटी बाबांनी मान वर केली.

"शांत डोक्याने शोधा म्हणजे सापडेल. आता माझंच बघा, सकाळपासून मशीन कर्रकर्र वाजतंय. सुई बदलली, तेल घातलं, तरी तेच. पण मी आरडाओरडा केला का?"

आई जागच्या जागी थांबली. "कुठून वाजतंय?"

"खालून."

तिघांनी मिळून रजई उलटी केली.

प्रमाणपत्र तिथे होतं. रजई फिरता फिरता टेबलावरचा कागद तिच्या पोटाखाली ओढला गेला होता आणि बाबांनी तो अस्तराला शिवून टाकला होता. लेकीच्या नावाखालून फांदी निघाली होती, शिक्क्याला छान वळसा घालून वर गेली होती, दोन्ही बाजूंना नाजूक पानं. इतका देखणा फर्न त्यांच्या हातून आजवर उतरला नव्हता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"उसवतो मी, त्यात काय एवढं!" म्हणत बाबांनी टाके काढायचं हत्यार लावलं. पहिल्याच टाक्याला कागद नखभर फाटला, तोही थेट कुलगुरूंच्या सहीच्या दिशेने.

"बाबा, हात लावू नका!" लेक रडकुंडीला आली. आईने हत्यार काढून घेतलं. घड्याळात दोन वाजून गेले होते.

"उचला," आई म्हणाली.

"काय?"

"रजई! आहे तशी न्यायची."

सात फुटांची रजई तिघांनी टॅक्सीत कोंबली. चालकाने आरशातून बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "पेशंट कुठाय?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून बिचाऱ्याने गाडी आणखी जोरात हाणली.

तपासणीच्या कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता हात पुढे केला. "मूळ प्रत आत सरकवा."

"सरकत नाही," लेक म्हणाली.

"का?"

"रजई आहे."

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी खिडकीतून वाकून बघितलं, मग नियमावली काढली. "लॅमिनेट केलेली चालत नाही. पिना मारलेली चालत नाही. शिवलेली..." त्यांनी दोनदा पान उलटलं. "साहेबांना विचारावं लागेल."

साहेबांचं नाव ऐकताच रांगेतली माणसं हळहळली. फोटोत डावा कान दिसत नाही म्हणून कालच त्यांनी एकाला परत पाठवलं होतं. रजई आत गेली. पाच मिनिटांनी निरोप आला, "ज्यांनी शिवलंय, त्यांनी एकट्यांनी यायचं."

बाबा साहेबांच्या दाराकडे निघाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना वाटलं की सरळ रेघा काय वाईट होत्या?

साहेब रजईवर वाकले होते. "दार लावा. हे तुम्ही केलंत?"

"हो. चूक झाली साहेब, पण पोरीचा काही दोष—"

"सुई न उचलता?"

"...हो."

साहेबांनी खालचा खण उघडला. फायलींखालून हातभर कापड बाहेर आलं. त्यावर पानंच होती बहुतेक. निदान काढणाऱ्याचा तसा हेतू असावा. "आठ महिने झाले. टोकाला आलं की दर वेळी गाठ होते. तुम्ही वळता कसे हो?"

बाबांचा जीव भांड्यात पडला.

"पण तुमच्या वरच्या धाग्याचा ताण ढिला आहे," साहेब जाणकारपणे म्हणाले. "खालचा, बॉबिनचा धागा बघा, नुसता कागदावर पडलाय. थांबा." त्यांनी कात्रीने एका पानापाशी धागा कापला, दुसऱ्या पानापाशी कापला आणि अलगद ओढला. धागा सळसळत निघाला. असं करत करत सगळा कागद मोकळा झाला. त्यावर उरली ती फक्त बारीक बारीक छिद्रं. "नाव शाबूत, सही शाबूत. छिद्रांबद्दल नियमात काही नाही," म्हणत त्यांनी शिक्का मारला. "आता वळायचं कसं ते दाखवा. आणि हे ऑफिसात कुणाला कळता कामा नये."

बाहेर मायलेकी धुरकट काचेकडे डोळे लावून होत्या. आत दोन सावल्या उभ्या होत्या आणि दोघांचे हात हवेत जोरजोराने फिरत होते.

"आई, बाबा भांडतायत!"

"छे गं! हे कसले भांडतायत!" आई म्हणाली, पण तीही काचेजवळ सरकली. हात आणखी जोरात फिरायला लागले.

वीस मिनिटांनी बाबा बाहेर आले, खांद्यावर रजई आणि हातात शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. लेकीने ते दोनदा वाचलं आणि भर रांगेत बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, माझ्यासाठी एवढे भांडलात?"

बाबांनी बंद दाराकडे एकदा बघितलं. दिलेला शब्द होता.

"मुद्दा पटवून द्यावा लागला," ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मग त्यांच्या खांद्यावरची रजई उतरवून आपल्या खांद्यावर घेतली.

"द्या इकडे. दमला असाल."