दामलेकाकांची तार

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या दामलेकाकांकडे साखरेच्या डब्याला तांब्याची बारीक तार बांधलेली असते. हीटिंगच्या बटणाला आहे, बेसमेंटमधल्या जुन्या फोनच्या रिसीव्हरलाही आहे. चहात जास्त साखर हवी असेल तर तार तोडायची आणि काकांना कारण सांगायचं.

"लढाऊ विमानातली शिस्त आहे ही," ते म्हणतात. "संकटात पायलटनं तार तोडून लिव्हर पलीकडे ढकलायचा. काही मिनिटं जादा ताकद. उतरल्यावर मेकॅनिक तुटलेली तार बघून इंजिन तपासणार."

सगळी नोकरी मोटारींच्या इंजिनांत गेली, पण काकांचा जीव महायुद्धातल्या विमानांत. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात कुणीही सापडला की भंगारातून आणलेला बूस्ट कंट्रोल, म्हणजे इंजिनातला हवेचा दाब आवरणारा भाग, खिशातून बाहेर येतो.

"सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो. जमिनीजवळ हवा दाट, पायलट तापलेला. दाब वाढला की ही पोकळ डबी आक्रसते आणि झडप मिटत आणते. इंजिन वाचतं. वर हवा विरळ झाली की झडप पुन्हा उघडत जाते. तुझ्यात ही डबी बसवायची राहिली बघ!"

हे मला. मी कामगार युनियनबद्दल तावातावानं बोलायला लागले की काका टेबलावर बोट आपटतात, "बूस्ट! बूस्ट!" माणसं मारणाऱ्या यंत्राचं कसलं कौतुक, असं मी विचारते. "डबी फक्त इंजिन वाचवते गं. मारायचं काम माणसाचं." मला हे अजूनही पटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी बेसमेंटमध्ये मी विचारलं, "काका, फोनला तार कशाला?"

काकांनी सांगितलं ते असं: काकू वारल्यावर दूर क्युपर्टिनोला राहणारी लेक मुक्ता म्हणाली होती, बाबा, घर विका, माझ्याकडे या. काका याच फोनवर ओरडले, "मला अडगळ समजतेस?" आणखीही बरंच बोलले. तिनं फोन ठेवला. रागात पुन्हा हात जाऊ नये म्हणून काकांनी त्याच दिवशी तार बांधली. मग राग गेला, तार राहिली. मुक्ताला मुलगी झाल्याचं त्यांना मंडळाच्या ग्रुपवरून कळलं.

माझा बूस्ट चढला. "तोडायचीच नसती तर लिव्हरला पलीकडे जागा कशाला ठेवली असती?"

"संकट असेल तर तोडायची."

"मग हे काय आहे, काका?"

दोन स्वेटर घातलेले काका फोनपाशी गेले. मग त्यांनी रिसीव्हर उचलला. तार तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडे निरोप ठेवायला सांगणारा मुक्ताचा रेकॉर्ड केलेला इंग्रजी आवाज. काका ताठ उभे राहिले.

"मुक्ता, बाबा बोलतोय. इंजिनात बिघाड नव्हता. चूक पायलटची होती."

त्यांनी रिसीव्हर ठेवला. मी कोट घालू लागले.

"थांब ना जरा," तुटलेली तार बोटाला गुंडाळत ते म्हणाले. "तार तुटली की इंजिन तपासतात. लगेच सोडून जात नाहीत."

मी कोट काढून बसले. फोनकडे दोघांनीही पाहिलं नाही.