अर्जंट, तीन नंबर!

रविवार, ८ सप्टेंबर १९८५, सकाळ. स्थळ: नाहूर, आमच्या बिल्डिंगचा तळमजला, नलूताई सबनीस यांची बाहेरची खोली. हजर: नलूताई, पहिल्या मजल्यावरचे पेठे, दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू, सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी, आणि गोणपाटावर आडवा पडलेला अर्जंट. गैरहजर: टेलिफोनचा रिसीव्हर, आपल्या जागेवरून.

अर्जंट हा कुत्रा. नलूताईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली. कॉल तीन प्रकारचे: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. हे पिल्लू ऑर्डिनरी नव्हतं आणि लाइटनिंग म्हणावं इतकं चपळही नव्हतं. म्हणून अर्जंट.

अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, नलूताईंचा. कोणाचाही फोन आला की त्या "होल्ड करा" म्हणायच्या आणि जिन्याकडे बोट दाखवून ओरडायच्या, "अर्जंट, तीन नंबर!" गुडघ्यांमुळे त्यांना जिना बंद, तो अर्जंट चढायचा. बरोबर तीन नंबरच्या दारावर पंजे घासायचा. आपण खाली धावायचं आणि धावता धावता त्याच्या तोंडात काहीतरी टाकायचं, असा रिवाजच पडला होता.

नलूताईंचा डोळा नेमका या रिवाजावर. फोनला हात लावण्याआधी उलटतपासणी.

"काय घातलंस त्याला?"

"अर्धी पोळी, ताई."

"कधीची?"

"कालची. फ्रिजमधली."

"फ्रिज म्हणजे अमरपट्टा नव्हे, शैला. जंतू थंडीत झोपतात, मरत नाहीत."

तोवर तिकडे इंदूरहून माझा भाऊ "हॅलो, हॅलो" करत घसा फोडत असायचा.

रोज सकाळी अर्जंटची तपासणी. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची. दाबल्यावर पांढरी झालेली हिरडी लगेच गुलाबी व्हायला हवी. मग त्याच्यामागे काठी टेकत कंपाउंडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, वाकून पाहायचं आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं जाहीर करायचं, "लाइन क्लिअर!" पहिल्या मजल्यावर पेठे हातातला चहाचा कप खाली ठेवायचे.

त्या रविवारी लाइन क्लिअर नव्हती. पहाटेपासून उलट्या, मग शेम आणि रक्त पडणारे जुलाब. पाण्याला तोंड लावेना. तोंडातून लाळेची तार.

"पिसाळलाय!" पेठे उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "पाणी पीत नाही, लाळ गळतेय. सबनीसबाई, म्युनिसिपालिटीच्या गाडीला फोन लावायचाय."

"लाइन एंगेज आहे," नलूताई म्हणाल्या. रिसीव्हर टेबलावर उताणा पडला होता.

"अहो, एंगेज कसली? तुम्ही उचलून ठेवलाय!"

"ठेवलाय. मळमळतंय म्हणून लाळ गळतेय त्याची. डॉक्टरांना मुलुंडहून बोलावलंय."

"तासाभरात आले नाहीत तर मी स्टेशनवर जाऊन गाडीला फोन करीन. पोरंबाळं आहेत बिल्डिंगमध्ये."

गाडीतून गेलेला कुत्रा परत आल्याचं आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. नलूताईंनी अर्जंटच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तंबूसारखी उभीच राहिली आणि मग हळूहळू बसली. "अंगातलं पाणी संपत आलंय," त्या पुटपुटल्या. मग आमच्याकडे वळल्या. "काल कोणी काय घातलं?"

सावंतकाकूंनी पदर तोंडाला लावला. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुलाची नोकरी पक्की झाल्याचा फोन आला होता. निरोप घेऊन येणाऱ्याला त्या आनंदात कोरडी पोळी कशी घालणार?

"कोंबडीची मान घातलंय. नि काळीज."

"कच्ची?"

"कुत्रो काय शिजवून खाता?"

"आणली कधी होतीत?"

"सकाळी. पण गॅलरीत झाकून ठेवलेली हां!"

"झाकण माशीला अडवतं, काकू. जंतू आधीपासूनच आत बसलेला असतो."

"रस्त्यावरचो उकिरडो खाणारी जात ती, बाय! तिका काय होता?"

"त्याचं पोट आहे, कचरापेटी नाही," नलूताई म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

डॉक्टर आले ते तास भरत आला तेव्हा. ताप पाहिला, पोट चाचपलं, लशीचा कागद पाहिला, कोंबडीची हकिगत ऐकली. "पिसाळलेला नाही. खाण्यातून जंतू गेलेत," ते म्हणाले. सलाइन लावलं, औषध दिलं. त्याची घाण साफ केली की साबणाने हात धुवा, हेच जंतू माणसालाही आडवं करतात, असंही बजावलं. उंबरासुद्धा न ओलांडलेले पेठे ताबडतोब हात धुवायला गेले.

सगळे पांगले. मला इंदूरच्या फोनची काळजी होती, म्हणून मी रिसीव्हर जागेवर ठेवायला गेले. नलूताईंनी माझं मनगट धरलं.

"राहू दे गं आजच्या दिवस. सकाळी तीनदा वाजला. तिन्ही वेळा हा उठला. जिन्यापर्यंत गेला नि पडला."

उभ्या आयुष्यात एकही कॉल तुटू न दिलेली ही बाई. मी रिसीव्हर होता तसा ठेवला आणि शेजारी बसले.

"तुमचा कोणाचा फोन यायचा असला तर?" मी विचारलं.

"मला कोण करणार? मी जोडून देणारी." त्या अर्जंटच्या ओठांवर चमच्याने पाणी सोडत होत्या. "बिल्डिंगमधलं प्रत्येक दार ठाऊक आहे याला. एक नंबर तेवढा माहीत नाही. कधी हाक मारायची वेळच आली नाही."

एक नंबर म्हणजे त्यांचंच दार.

अर्जंट बरा झाला. जिन्यात मी पाटी लावली: कच्चं नको, उरलंसुरलं नको, वाडगं गरम पाण्याने घासा. सावंतकाकू आता त्याला ताजा भात शिजवतात आणि आधी स्वतः चाखतात. "लाइन क्लिअर" पूर्ववत सुरू आहे; पेठ्यांचा चहाही.

माझ्या कामांपैकी एक तेवढं राहिलंय. ऑफिसातून नलूताईंना फोन करायचा, काहीही काम नसताना, आणि "एक नंबर" म्हटल्यावर अर्जंट कुठे जातो ते विचारायचं. परवा लंच टाइमात नंबर फिरवला होता.

लाइन एंगेज होती. पुन्हा लावायचाय.