वीज तिसऱ्या मजल्यापर्यंतच

शेजारच्या इमारतीवर वीज पडून पाण्याची टाकी फुटली, आणि आपल्याही गच्चीवर वीजरोधक हवा अशी सद्बुद्धी रहिवासी मंडळाला झाली. सचिव सर्वात वरच्या, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहत. वीज आली तर आधी आपल्याच डोक्यावर, हे ओळखून त्यांनी काम अंगावर घेतले.

ठेकेदाराने गच्चीत टोकदार सळई उभी केली. तिला जोडलेली तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली आणून जमिनीत गाडायची, म्हणजे वीज मुकाट मातीत जाते. पट्टी दुसऱ्या मजल्यापाशी येताच तिथल्या वकीलबाई खिडकीतून बाहेर वाकल्या.

"वीज पडणार गच्चीवर. मग तिची वरात माझ्या खिडकीवरून कशाला?"

"अहो, क्षणात निघून जाईल ती," सचिव म्हणाले.

"चोरही क्षणात निघून जातो. म्हणून त्याला बाल्कनीतून वाट द्यायची?"

पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "माझे पेशंट आधीच खुर्चीत देवाचा धावा करतात. त्यात ही भर नको." तळमजल्यावरचे अध्यक्ष तर लालबुंद झाले. "खड्डा माझ्या गुलाबांच्या वाफ्यात? तुमची वीज तुम्ही सांभाळा!"

सभा भरली. वीजरोधकाला कुणाचाच विरोध नाही, विरोध फक्त विजेला आहे, असे अध्यक्षांनी स्पष्ट केले. सबब, ज्यांची हरकत नाही त्यांच्या मजल्यापर्यंतच पट्टी आणावी. असा मजला एकच होता. सचिवांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पट्टी कापण्याचे बहुमताने ठरले.

"पण तिथून पुढे वीज जाणार कुठे?" सचिव कळवळले.

"तो तिचा खाजगी प्रश्न आहे," वकीलबाई म्हणाल्या.

सचिवांनी आशेने ठेकेदाराकडे पाहिले. "गिऱ्हाईक म्हणेल तिथे पट्टी संपते, साहेब."

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "म्हणजे अख्ख्या आभाळाला आपला पत्ता देऊन आलात!"

त्याच आठवड्यात भरदुपारी आभाळ फाटले. वीज शिस्तीत सळईवर उतरली, पट्टीवरून घरंगळली आणि ठरावाचा मान राखून तिसऱ्या मजल्यावर वळली. फ्रिज, मिक्सर, ओट्यावरच्या फरशा, सगळ्यांचा निकाल लागला. बायको शेजारणीकडे गेली होती म्हणून वाचली. सचिवांच्या भुवया तेवढ्या गेल्या.

लगेच अभिनंदनाची सभा झाली. "गच्ची शाबूत, टाकी शाबूत, खालचे मजले शाबूत. यंत्रणा चोख आहे!" अध्यक्ष म्हणाले.

"माझं घर जळलं हो!"

"वैयक्तिक तक्रारी शेवटी."

शेवटी चहा आला, त्यामुळे तक्रारी राहूनच गेल्या.

सचिवांनी घर विकले आणि दुसऱ्या गल्लीत तळमजला घेतला. तिथेही वीजरोधक बसवायचे निघाले. पट्टी त्यांच्या अंगणाकडे उतरू लागताच सभा भरली. सचिव नव्याने उगवू लागलेल्या भुवया उंचावून गरजले, "वरच्यांची वीज माझ्या दारात? चालणार नाही!" सभेत टाळ्या पडल्या.

त्या इमारतीत सर्वात वर कोण राहते, हे त्यांनी विचारलेले नाही. तुम्ही तर नाही ना? जरा खिडकीतून डोकावून पाहा, पट्टी कुठवर आली आहे.