अटर्नी काही घेत नाहीत

माझ्या हातची चकली परत करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा कौन्सिलर, म्हणजे इथला नगरसेवक, निघाला.

दिवाळीच्या दिवशी सकाळी मी फराळाचा डबा त्यांच्या दारात ठेवून आले होते. संध्याकाळी बेल वाजली. बाहेर पाऊस, आणि पावसात अटर्नी. कोट, टाय, आणि डबा दोन्ही हातांनी असा लांब धरलेला, की जणू कुणाचं तरी ओलं झालेलं बाळ परत करायला आलेत.

"मॅम मीनल," ते म्हणाले, "फॉर द रेकॉर्ड, मी झाकण उघडलेलं नाही."

"अहो, चकल्या आहेत त्या. बॉम्ब नाही."

"वास आला, मॅम. म्हणूनच लगेच निघालो."

आत या म्हटलं तर येईनात. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी डबा माझ्या हातात दिला, मी तो घेतला याची मान हलवून खात्री केली आणि छत्री उघडून गेले. मी दारात तशीच. चार दिवस खपून केलेल्या चकल्या हो! आमच्या सासूबाई आतून विचारत होत्या, "कोण गं? काय म्हणाला? कडक झाल्यात का?"

अटर्नी म्हणजे रॉमी. फिलिपिनो. त्यांच्याकडे वकिलाला 'अटर्नी' म्हणूनच हाक मारतात, आपल्याकडे डॉक्टरला डॉक्टर म्हणतात तशी. वकिली सुटून किती वर्षं झाली, तरी हाक सुटत नाही. त्यांची बायको टेस आमच्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर आहे, मी एक्स-रेला. तीसुद्धा चिडली की त्यांना अटर्नीच म्हणते. तेव्हा मीही म्हणते, आणि माधव, माझा नवरा, त्यापुढे 'साहेब' जोडतो.

इंग्लंडात मेडनहेडच्या पुढं नदीकाठी आमचं गाव आहे. गाव कसलं, स्टेशन, दोन सुपरमार्केटं आणि पार्किंगवरून चाललेली भांडणं. तिथं हा माणूस अपक्ष उभा राहिला आणि निवडून आला. कसा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बसस्टॉपवर, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, चिप्सच्या दुकानात, दिसेल त्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचे आणि विचारायचे, "आई कशी आहे?" ओळख असो नसो, प्रत्येक फ्युनरलला शेवटच्या रांगेत हजर. इथल्या लोकांना कुणी हात धरून आईची चौकशी करायची सवय नाही. बिचारे गांगरले आणि मत देऊन बसले.

निवडून आल्यावर मात्र कुणाकडून काही घ्यायचं नाही म्हणजे नाही. रहिवाशांच्या मीटिंगला येताना स्वतःचा कप आणि स्वतःची टी-बॅग. फक्त गरम पाणी घेणार, कारण "पाणी सार्वजनिक आहे, मॅम." चर्चच्या समर फेअरमध्ये त्यांना सोडतीत बिस्किटांचा डबा लागला. तो त्यांनी परत केला. पुन्हा चिठ्ठी काढली, तर पुन्हा यांचाच नंबर. पुन्हा परत. तिसऱ्यांदा चर्चच्या बाईंनी चिठ्ठी न उघडताच डबा समोरच्या लहान मुलीला देऊन टाकला.

लोकांना वाटायचं, कौन्सिलर झाल्यामुळे असं करतात. छे! त्याआधीही हेच होतं, तेव्हा नुसतं "माझं पोट बरं नाही" म्हणायचे. पोट बरं नाही म्हणून इतकी वर्षं उपाशी राहिलेला इतका गुटगुटीत माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी फराळ नेहमी टेसला हॉस्पिटलातच द्यायचे. त्या वर्षी ती रजेवर होती, म्हणून दारात ठेवला आणि फसले.

रजेवरून आल्यावर टेसनं कॅन्टीनमध्ये मला सगळं सांगितलं.

हे त्यांच्या बेटावरच्या छोट्या गावात वकील होते. बेकरीच्या वर ऑफिस. कोळ्यांच्या केसेस लढायचे आणि फी म्हणून मासे आणायचे. पुढं नगरसेवक झाले, मग मेयर. मेयर म्हणजे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात धर्मपिता. "अर्धं गाव त्यांना बाबा म्हणायचं," टेस म्हणाली, "मीच काय ती म्हणत नव्हते." मग प्रांताच्या सरकारात मोठी नेमणूक झाली. रस्ते, धक्के, सगळी कंत्राटं यांच्या सहीनं. आणि गावाच्या जत्रेच्या दिवशी, हे घरी नसताना, एका कंत्राटदारानं घरी अख्खं भाजलेलं डुक्कर पाठवलं. दारात त्यांची आई होती. सणाच्या दिवशी कुणी प्रेमानं आणलेलं दारातून परत पाठवतात का? म्हातारीनं हसत हसत घेतलं आणि सगळ्या आळीला बोलावून वाढलं. अटर्नी संध्याकाळी पोचले तेव्हा हाडं उरली होती.

लाच घेतल्याची तक्रार झाली. ज्यांनी खाल्लं त्यांनीच साक्षी दिल्या. एकानं तर कोर्टात सांगितलं म्हणे, की कातडी फार छान कुरकुरीत होती. शेवटी निर्दोष सुटले, पण तोवर पद गेलं, नाव गेलं, आणि गावातलं कुणी दारात येईना. टेसला इथं नोकरी लागली, तिच्या मागोमाग हे आले.

मी हसले. हसू येण्यासारखीच गोष्ट होती ना! पण टेस हसली नाही.

आता आमचं दुखणं सांगते. माधवची आई, म्हणजे आमच्या आई, गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण जिना बंद. आमचं घर चिमूटभर, बाथरूम वर. तेव्हापासून आईंचा पलंग पुढच्या खोलीत, टीव्ही आणि मुख्य दार यांच्या मध्ये, आणि पडद्याआड कमोड. ठाण्याला हेडमास्तरीण म्हणून दरारा असलेली बाई! बेल वाजली की आधी पडदा ओढायच्या, मग चष्मा लावायच्या, मग "हं, उघड आता." एकदा कुरियरवाल्यासमोर पडदा अडकला. त्या दिवशी जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वेगळी खोली होत नसेल तर ठाण्याला पाठवा. तिथं लिफ्ट आहे." तिथं लिफ्ट आहे हे खरं, पण दार उघडायला माणूस नाही कुणी.

म्हणून मागच्या बाजूला एक खोली आणि बाथरूम काढायला प्लॅनिंग परमिशन मागितली. पलीकडच्या डेरेकनं हरकत घेतली, त्याच्या टोमॅटोंवर सावली पडेल म्हणून. कौन्सिलच्या अधिकाऱ्यानं 'नकार द्यावा' असा शेरा मारला आणि अर्ज गेला कौन्सिलरांच्या कमिटीपुढं. त्या कमिटीत अटर्नी! माधव मोठ्यानं मतं मोजत बसायचा. निम्मे इकडं, निम्मे तिकडं, आणि अटर्नी मध्ये.

माझा स्वभाव मुळात काळजीखोर. गॅस बंद केला का हे बघायला मी स्टेशनवरून परत आलेली बाई आहे. त्या दिवसांत तर झोप उडाली. मी आईंना बजावलं, "कमिटीची माणसं जागा बघायला येणारेत. कुणाला काही खायला द्यायचं नाही. अटर्नींना तर पाणीसुद्धा नाही."

"बरं," आई म्हणाल्या. इतक्या पटकन 'बरं' म्हणाल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

माणसं आली. मागची बाग मापली, डेरेकचे टोमॅटो पाहिले. जाताना सगळे आईंना हॅलो करायला पुढच्या खोलीत आले, आणि आईंनी शालीखालून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला! टेबलाशी बसून कधी वळले देव जाणे. सगळ्यांनी आनंदानं घेतले. एका बाईंनी दोन घेतले. माझं धाबं दणाणलं. अटर्नी दाराकडं सरकत होते, पण म्हाताऱ्या माणसाचा निरोप न घेता जाणं त्यांच्यात बसत नाही. ते पलंगापाशी आले, वाकले, आणि आईंचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडचा हा नमस्कारच.

आईंना नमस्कार बरोबर कळला. "औक्षवंत हो," म्हणून त्यांनी अर्धा लाडू मोडला. अटर्नींनी "फॉर द रेकॉ—" एवढ्यासाठी तोंड उघडलं, आणि लाडू आत.

अटर्नी तसेच वाकलेले राहिले. थुंकता येईना, गिळता येईना. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं घास अडकला, मी पाणी आणायला धावले. येऊन बघते तर माणूस निघून गेलेला.

त्या रात्री जेवताना माधव बोलून गेला, "आई, तुझ्या लाडवानं खोली घालवली." बोलला आणि लगेच जीभ चावली, पण शब्द गेलाच. दुसऱ्या दिवशी मी कणीक भिजवायला परात पुढं ठेवली तर आई म्हणाल्या, "तूच कर बाई. माझा हात नको लागायला." नंतर पोस्टमनला चॉकलेट देणं बंद, माझ्या लेकीला घास देणं बंद. हात शालीत घेऊन बसून राहायच्या. माधवनं दहादा माफी मागितली. त्याला उत्तर एकच, "माझं तिकीट काढ."

कमिटीच्या संध्याकाळी आम्ही दोघं टाउन हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर. आमचा नंबर आला आणि अटर्नी उभे राहिले.

"मॅडम चेअर, फॉर द रेकॉर्ड, अर्जदाराच्या आईकडून मला एक वस्तू मिळाली आहे. अर्धा लाडू."

हशा पिकला. कौन्सिलच्या वकीलबाईंनी समजावलं, की इतक्या क्षुल्लक गोष्टीची नोंद लागत नाही, खुशाल मत द्या. दोन लाडू खाल्लेल्या बाई छताकडं बघत होत्या. पण ऐकतील तर अटर्नी कसले! म्हणाले, मी मत देणार नाही. नियमाप्रमाणं नागरिक म्हणून तीन मिनिटं बोलेन आणि बाहेर जाईन. माधव पुटपुटला, "मेलो."

आणि मग तो गोल, भित्रा, कप घेऊन हिंडणारा माणूस बोलायला लागला. आवाजच निराळा. "डेरेक यांच्या टोमॅटोंवर सावली पडेल ती डिसेंबरात. फॉर द रेकॉर्ड, डिसेंबरात टोमॅटो नसतात." भिंतीची उंची, खिडकीचं अंतर, सगळं तोंडपाठ. शेवटी म्हणाले, "बाई टीव्ही आणि दार यांच्या मध्ये झोपतात. तुम्ही सगळे त्यांच्या झोपायच्या खोलीत बूट घालून उभे राहिलात, आणि त्यांनी तुम्हाला खायला दिलं." एवढं बोलून बाहेर गेले.

मला आत बसवेना. मी त्यांच्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये गेले. ते भिंतीला टेकून उभे होते.

"आई कशी आहे?" त्यांनी विचारलं. मतं मागताना विचारायचे तोच प्रश्न, पण आता त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

काळजीनं माझा तोल गेला होता, मी सगळं सांगून टाकलं. माधव काय बोलला, आईंनी हात कसे आवरून घेतले, तिकीट.

अटर्नींचा चेहरा पांढरा पडला. "मीही बोललो होतो," ते म्हणाले. "डुकराच्या वेळी. एकच वाक्य. नानाय, तुझ्या हातानं माझं सगळं गेलं." नानाय म्हणजे आई. "त्यानंतर तिनं मला कधी वाढलं नाही, मॅम. मी घरी गेलो की बहीण वाढायची. आई समोर बसायची, हात मांडीवर. मी म्हणायचो, नानाय, भात वाढ. ती म्हणायची, नको, तुला त्रास होईल. मरेपर्यंत."

मला रडू आलं. रडायची जागा नव्हती, पण आलं.

दार उघडलं आणि माधव अक्षरशः नाचत बाहेर आला. "झालं! एका मतानं! त्या दोन लाडूवाल्या बाई फिरल्या!" घरी फोन लावायला मी पर्स उघडली तर अटर्नींनी माझा हात धरला.

"मॅम, आधी त्यांना सांगा की लाडवानं काही बिघडलं नाही. खोलीचं नंतर."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आई, अटर्नी इथं आहेत. ते म्हणतात, तुमच्या लाडवानं काहीही बिघडलं नाही."

पलीकडून आईंचा आवाज आला, अगदी बारीक. "त्याला आवडला का?"

"आवडला का विचारताहेत," मी अटर्नींना इंग्रजीत सांगितलं.

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नुसती मान हलवत राहिले, फोनकडं बघून, जोरजोरात, गाल ओले.

"अगं मीनल, काय म्हणतोय तो?"

"मान हलवताहेत, आई," मी म्हटलं. "अजून हलवताहेत."