म्हशीचं चित्र आणि वर्षभराचा पास

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार. सकाळी धुकं, दहानंतर कोरडं ऊन. वारा नाही.

तर मुलांनो, एका जंगलात, एका गुहेत, चित्रांचं दालन होतं. वर्षातून एकच दिवस ते सगळ्यांसाठी उघडायचं. तो दिवस हाच.

त्याच जंगलात करकोचे गुरुजी मोठ्या प्राण्यांसाठी कलावर्ग चालवत. ते म्हणाले होते, "सकाळी एक चित्र बघा. दुपारी वर्गात त्यावर दहा मिनिटं बोला. पहिला येईल त्याला दालनाचा वर्षभराचा पास."

साळिंदरे बाईंना तो पास हवा होता. दुसरं काहीच नको होतं.

दारात पहारेकरी घुबड पेंगत होतं. डोळे न उघडता ते म्हणालं, "काटे मिटून घ्या, बाई. मागच्या वर्षी तुम्ही वळलात आणि हरणाच्या चित्राला तीन भोकं पडली."

"दोन," बाई म्हणाल्या. आणि काटे मिटून आत गेल्या.

तळ्यात बसलेल्या म्हशीचं एक चित्र होतं. बाई त्याच्यासमोर साडेनऊला बसल्या. आधी नुसती म्हैस दिसली. अकराच्या सुमारास दिसलं, की तिच्या पाठीवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या आहेत. बारा वाजता काठावरचं रेडकू दिसलं. ते कंटाळलं होतं.

"म्हणजे ही केव्हाची बसली आहे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांना इतकं बरं वाटलं, की काटे आपोआप उभे राहू लागले. त्यांनी ते पुन्हा मिटले.

एक वाजता वर्गातले मुंगसे धावत आले. "बाई, यातलं सोपं चित्र कुठलं?"

"बसा ना, मुंगसेभाऊ. दिसेल हळूहळू."

"बसायला वेळ कुठे आहे? हार आणायचे आहेत अजून."

दुपारी वर्ग भरला. प्रमुख पाहुणे आणि अध्यक्ष होते गेंडेसाहेब.

आधी मुंगसे उठले. त्यांनी दिवा लावला. प्रास्ताविक केलं. पाहुण्यांचा परिचय करून दिला, हार घातला, शाल दिली. मग पाहुण्यांचे, गुरुजींचे, सतरंजी घालणाऱ्यांचे आणि दिव्याला तेल देणाऱ्यांचे आभार मानले. साडेनऊ मिनिटं झाली.

"वेळेअभावी चित्राविषयी एवढंच सांगतो," ते म्हणाले, "की ते चौकोनी आहे."

टाळ्या पडल्या.

साळिंदरे बाई उठल्या आणि थेट म्हशीबद्दल बोलू लागल्या.

"सुरुवातीचं काही राहिलं का, बाई?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"म्हशीपासूनच सुरुवात आहे, गुरुजी."

बाईंनी पाण्याचा गारवा सांगितला. वाळत आलेली पाठ सांगितली. काठावर ताटकळणारं रेडकू सांगितलं. सातव्या मिनिटाला गेंडेसाहेबांनी शाल काढून ठेवली आणि ते उठले.

"मला जरा चिखलात जाऊन बसायचं आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

गुरुजींनी शंभरपैकी गुण सांगितले. मुंगसे ब्याण्णव. साळिंदरे बाई दहा.

"चित्राचे दहापैकी दहा दिले आहेत," गुरुजी म्हणाले. "पण बाई, तुम्ही बोललात आणि पाहुणे उठून गेले. आता अध्यक्षीय समारोप कोणी करायचा?"

बाई काटे मिटून घरी निघाल्या.

वाटेत मुंगसे मागून आले. पास उलटसुलट करून बघत होते.

"बाई, या पासावर एक माहितगार बरोबर नेता येतो. मी आता तिथे पाहुणे आणणार, सत्कार ठेवणार. आत काय आहे ते कोणाला तरी माहीत हवं ना. याल का?"

"सत्कार कुठे करणार?"

"दारातच. उजेड चांगला आहे."

"येईन," बाई म्हणाल्या.

त्या वर्षात मुंगसे एकेचाळीस वेळा दालनाच्या दारात गेले. दर खेपेला सत्कार सुमारे दोन तास चालला. पाहुणे आत पोचले चार वेळा. साळिंदरे बाई आत बसल्या एकेचाळीस वेळा. नवी भोकं, शून्य.

तात्पर्य : मुलांनो, चित्र निवांत बघायचं असेल, तर भाषणाची हौस असलेला एक मित्र दारात उभा करून ठेवावा.