कूळ चुकलं!

शेजारच्या सरांना नमस्कार केला की ते आपल्या तोंडाकडे बघतच नाहीत. जोडलेले हात कोपरात कसे दुमडलेत, ते बघतात. मग म्हणतात, "बराबर. खंडोबाच्या किड्याच्या कुळातली तू." आमच्या इंग्रजी शाळेत त्याला मँटिस म्हणायचे, पण हे सरांना सांगायची माझी हिंमत नाही.

सर जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. संध्याकाळी किडे ठेवायला रिकामी काडीपेटी घेऊन शहागडच्या हायवेवरच्या ढाब्यावर जातात. तिथल्या ट्यूबलाइटवर काडीसारखे सडपातळ किडे येतात. ट्रकवाले जेवत असतात आणि सर भिंतीला नाक लावून उभे.

"काय सर, काड्या गोळा करून राह्यले का?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"कूळ चुकलं!" सर गरजले. "काडी न्हाई, खंडोबाचा किडा हाय. पुढचे पाय बघ, कसे जोडलेत! पहिले असले सगळे बारीक किडे एकाच कुळात कोंबले होते. मंग नीट तपासलं, तर कित्येकांचं एकमेकांशी नातंच न्हाई. दिसण्यावरून कूळ बिलकुल ठरत न्हाई!"

"मंग आधी ठरवलं कुणी?"

"माणसांनीच. चुकलं तर बदलायचं. त्यात लाज कसली?"

ड्रायव्हरची भाकरी गार झाली.

किड्यांच्या बाबतीत सर फारच पुरोगामी. त्यांच्या मुलीने, वैशालीने, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा मात्र "त्यांचं कूळ येगळं" म्हणून सरांनी दार लावून घेतलं. बायको आधीच गेलेली. घरात उरले सर आणि काडीपेट्या.

परवा चंपाषष्ठीला वैशाली फाटकात येऊन उभी राहिली. मी आमच्या ओट्यावर पुस्तकात तोंड खुपसून सगळं ऐकत होते.

"बाबा, खंडोबाची तळी एकट्यानं उचलता येत न्हाई. म्हणून आले."

सर हातातली काडीपेटी उलटसुलट करत राहिले.

"ह्याच्यात एक किडा हाय," ते शेवटी म्हणाले. "कुळातून बाहेर काढला होता. चुकून."

"मंग?"

"परत घेतलाय." त्यांनी फाटकाबाहेरच्या गाडीकडे बघितलं. "जावई गाडीतच बसून राह्यले का? बोलव जल्दी. तळी खोळंबली."

वैशाली पळत गेली. सरांनी पेटी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली आणि डोळे पुसत आत गेले. वाऱ्याने ती माझ्या पायाशी पडली.

थंडी पडल्यापासून ढाब्यावर एकही किडा आलेला नाही, हे मला माहीत होतं. तरी मी उघडून बघितली.

पेटी रिकामी होती.