देवीदासचा ठिपका

माझ्या हाताखालची माणसं मला फसवूच शकत नाहीत! हे वाक्य मी एप्रिलमध्ये कांचघर भागातल्या आमच्या दुकानात खुर्चीवर उभा राहून म्हणालो होतो. खुर्चीवर अशासाठी, की कूलर-फ्रिज दुरुस्त करणारे माझे पाचही मिस्त्री माझ्यापेक्षा उंच आहेत.

त्याच दिवशी पाचही जणांच्या मोबाइलमध्ये जीपीएस बसवलं. कोण कुठे गेला, किती वेळ थांबला, सगळं माझ्या स्क्रीनवर! पाच माणसं, पाच ठिपके.

चौथ्याच दिवशी चोर सापडला. देवीदास! माझा सगळ्यात हुशार मिस्त्री. रोज पाच वाजता त्याचा ठिपका सदर बाजारातल्या एका मिठाईच्या दुकानात दहा मिनिटं चिकटून बसायचा. तिथे आमचं काम ना धाम!

दुकान मला चांगलंच माहीत होतं. तिथली खव्याची जिलबी... असो. मला शुगर आहे. गोड सोडल्याचा शब्द मी बायकोला, शैलजाला, दिलेला आहे. आम्ही पाळतो त्या पंचशीलात जिलबीचा उल्लेख नाही, हे मी तिला समजावून पाहिलं, पण ती बधली नाही. तेव्हापासून मी रोज चार वाजता सदरला फक्त ‘गिऱ्हाइकांची चौकशी’ करायला जातो.

“आज त्याला रंगेहाथ धरतो आणि कामावरून काढतो!” दुसऱ्या मिस्त्रीला, मोहनला, साक्षीदार म्हणून स्कूटरवर मागे बसवलं.

“जाऊ द्या ना जी साहेब,” मोहन वाटभर विनवत होता. “त्याच्या घरी दोन लहान पोरी आहेत.”

“नियम म्हणजे नियम!”

देवीदास गल्ल्याजवळच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत हलवाईच ओरडला, “अरे भाऊराव जी! आज दोबारा? चार जलेबी से मन नहीं भरा?”

मोहनने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“ते सोडा! देवीदास, तू इथं रोज काहून येऊन राहिला? उद्यापासून कामावर येऊ नको!”

देवीदासने शांतपणे मोबाइल पुढे केला. “वहिनींचं काम आहे जी.”

होळीपासूनचे रोजचे निरोप होते, शैलजाला पाठवलेले! ‘सोमवार, तीन. मंगळवार, चार, रबडी वेगळी. बुधवारी साहेब आले नाहीत, पोट बिघडलं होतं.’ प्रत्येकाच्या वर तिचा एकच प्रश्न, ‘आज किती?’

“मले काढा साहेब,” देवीदास म्हणाला. “पण वहिनी विचारतीन, काहून काढलं. काय सांगू?”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अरे भाऊ, तुले कोण काढून राहिलं? आज तेवढं ‘शून्य’ लिही ना!”

“मघाशीच चार लिहिलं जी.”

घरी ताटात कारलं होतं. शैलजा अजिबात रागावली नाही. तिने माझा मोबाइल मागून घेतला. “तुमचं ते जीपीएस चांगलं आहे जी. देवीदासभाऊंची रोजची फेरी तरी वाचेल.”

देवीदास अजून माझ्याकडेच आहे. स्क्रीनवर आता सहा ठिपके आहेत. पाच कुठेही थांबले तरी मी चौकशी करत नाही. सहावा सदरच्या वळणावर जरा जरी रेंगाळला, की माझा फोन वाजतो!